मोटारीची साधी दुरुस्ती अवघड का झाली?

आषाढातला पाऊस कोसळत आहे, तिन्हीसांज झाली आहे आणि बेळगावहून गोव्यास निघालेली एक मोटार चोर्ला घाटाच्या वाटेवर आहे, अशी कल्पना करावी. जांबोटीच्या पुढे रान दाट होऊ लागते, तोच चालकाच्या ध्यानात येते की, गाडीचा उजवा पुढला दिवा बंद पडला आहे. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. उजवा दिवा नसलेली मोटार समोरून येणाऱ्यास अंधारात दुचाकी भासते आणि घाटातल्या वळणावर तो दुचाकीपुरतीच जागा सोडतो. चालक सावध गृहस्थ आहे. जादा बल्ब त्याने गाडीत जपून ठेवलेला आहे. तो बॉनेट उघडतो आणि तेथेच अडतो. दिव्याच्या पाठीशी एका अंगास बॅटरी, दुसऱ्या अंगास हवेची जाड नळी. मधल्या फटीतून बोटे जातात, पण हात जात नाही. बंपर सैल केल्यावाचून त्या बल्बापर्यंत पोहोचता येणार नाही, अशी त्या गाडीची रचनाच आहे. बल्ब हातात आहे, दिवा समोर आहे, दोहोंमध्ये वीतभर अंतर आहे. आणि तेवढे अंतर त्या रात्री काही केल्या ओलांडता येत नाही.

सर्वच गाड्यांत असे घडते असे नाही. काही गाड्यांत बल्ब आजही पाच मिनिटांत बदलता येतो. परंतु एके काळी जी गोष्ट गृहीत धरली जात असे, ती आज गाडी घेताना मुद्दाम विचारून घ्यावी लागते, हे खरे आहे.

२०१४ सालापर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होणारी अँबॅसडर किंवा मुंबईत कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी वापरली, त्यांना हा फरक विशेष जाणवतो. पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. त्या गाड्यांत या तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत. गाडी रस्त्यात थांबली, तर प्रथम प्लगला ठिणगी मिळते की नाही ते पाहावे. ती मिळत असेल, तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येते की नाही ते पाहावे. काळे पडलेले पॉइंट पॉलिशपेपरने घासावे, तुंबलेला जेट फुंकून साफ करावा. चार पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर एवढ्या भांडवलावर बहुतेक गाड्या घरी पोहोचत असत.

तथापि जुन्या गाडीचे गोडवे गाताना तिचे अवगुण विसरता कामा नये. तिची दुरुस्ती सोपी होती, तशीच ती वारंवारही करावी लागे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरमध्ये ओल शिरली की ती सुरूच होत नसे. तिचा धूर जो कोंडमारा करी, तो आज कोणताही कायदा चालवून घेणार नाही. आजची गाडी पहाटेच्या थंडीत पहिल्याच प्रयत्नात सुरू होते, कमी इंधनात अधिक चालते आणि अपघातात आतल्या माणसांचे अधिक रक्षण करते. साधी दुरुस्ती अवघड झाली, ती बऱ्याच अंशी याच सुधारणांच्या पोटी. तिची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण जागेचे. १९५९ साली इंग्लंडमध्ये अॅलेक इसिगोनिस यांनी रचलेल्या मिनी या छोट्या गाडीत इंजिन लांबीने न ठेवता आडवे बसविले होते आणि पुढच्याच चाकांना गती दिली होती. त्यामुळे लहान गाडीतही माणसांना ऐसपैस जागा मिळाली, आणि ही मांडणी पुढे जगभर रूढ झाली. माणसांना मिळालेली जागा अर्थातच इंजिनाच्या कप्प्यातून काढली गेली. त्याच कप्प्यात पुढे वातानुकूलन यंत्र आले, ब्रेक आवळून चाके घसरू न देणारे यंत्र आले, आणि मिस्त्रीच्या हातासाठी राखलेली मोकळी जागा नाहीशी झाली.

दुसरे कारण संगणकाचे. धुराचे नियम कडक होत गेले, तसा कार्बोरेटर मागे पडला. प्रत्येक क्षणी किती इंधन सोडावयाचे हे आता गाडीतला संगणक ठरवितो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम देशभर लागू झाले आणि त्या नियमांस उतरणे अशा यंत्रणेवाचून शक्य नाही. परंतु हा संगणक इंजिनापुरता राहिला नाही. काही गाड्यांत हातब्रेकच्या जागी बटण असते आणि मागचे ब्रेक एक लहानशी मोटर आवळते. ब्रेकचे पॅड झिजले, तर नवे बसविण्यापूर्वी त्या मोटरला मागे सरण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि ती बहुधा तपासणी यंत्रातूनच द्यावी लागते. काम मुळात पूर्वीइतकेच सोपे आहे. परंतु त्याच्या दाराशी आता एक पहारेकरी बसला आहे.

तिसरे कारण माहितीचे, आणि खरे दुखणे येथेच आहे. गाडीत बिघाड झाला की संगणक एक सांकेतिक क्रमांक नोंदवितो. पी ०३०१ हा क्रमांक आला, तर पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल किंवा उंदराने कुरतडलेली वायरही असेल. क्रमांक हे रोगाचे लक्षण आहे, निदान नव्हे. निदानासाठी वायरींचे नकाशे, मोजमापे आणि त्या गाडीचे तपासणी यंत्र लागते. ही सामग्री कंपनीच्या केंद्रापाशीच राहिली, तर वीस वर्षे इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा गल्लीतला मिस्त्री एका रात्रीत अडाणी ठरतो. त्याचे कसब गेलेले नसते; त्याची वाट अडविलेली असते. आणि त्याची वाट अडली की मोटारमालकासही दुसरे दार उरत नाही.

या अडवणुकीची दखल कायद्याने घेतली आहे. युरोपात २००७ च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांस देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी अशाच कायद्यास कौल दिला. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधने आणि माहिती खुल्या बाजारात मिळू दिली नाही, हा त्यांच्यावरील ठपका होता. त्या निर्णयावर पुढे अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश केला.

कायदा आपल्या गतीने चालतो. मालकाने तोवर स्वतःपुरती दक्षता घ्यावी. नवी गाडी घेताना रंग आणि आसने पाहावी, तसेच पुढल्या दिव्याचा बल्ब कसा बदलतात हेही करून दाखवावयास सांगावे. कित्येक नव्या गाड्यांत सुटा बल्ब नसतोच. दिवा गेला की आख्खा संच बदलावा लागतो आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते. इशाऱ्याचा दिवा लागला, तर सांकेतिक क्रमांक लिहून घेण्यापूर्वी तो कोणासही पुसू देऊ नये. कारण क्रमांकाबरोबर बिघाडाच्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान इत्यादी नोंदही बहुधा पुसली जाते आणि शोध करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. नोंद पुसणे म्हणजे दोष दुरुस्त करणे नव्हे. नवा भाग बसविल्यावर जुना भाग मागून घ्यावा आणि तो का बदलला, हे समजावून घ्यावे.

यंत्र गुंतागुंतीचे होणे हा प्रगतीचा भाग आहे, आणि कोणी अँबॅसडरच्या काळाकडे परतावे असे नाही. परंतु जो भाग झिजणार किंवा विझणार हे आधीच ठाऊक आहे, तो बदलण्याची वाट मोकळी ठेवणे रचनाकारास अशक्य नाही. त्याने ती आठवणीने ठेवली पाहिजे, इतकेच. चोर्ला घाटाच्या तोंडाशी पावसात उभ्या असलेल्या त्या चालकास संगणकाचे वावडे नाही. त्याला फक्त आपल्याजवळचा बल्ब आपल्या दिव्यात बसवून, दोन्ही दिवे लावून, सुखरूप घाट उतरावयाचा आहे.