गहाण पडलेला मुलूख

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या पुढे आठ किलोमीटरवर जळकोट लागते. १३ सप्टेंबर १९४८ च्या सकाळी भारतीय फौजेचे रणगाडे या गावातून उमरग्याकडे गेले. त्यापूर्वी शंभरेक वर्षे आधी हाच मुलूख सात वर्षे गहाण पडला होता, हे मात्र फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाही.

माझी नोकरी तारणाचे कागद तपासण्यात गेली. त्यामुळे मे १८५३ चा तह मला आधी कर्जखात्यासारखा दिसतो. निजाम हा कंपनी सरकारचा दोस्त. त्याच्या पैशावर ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज पोसली जाई, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूमही इंग्रजांचा. पगार थकला की कंपनीने आपल्या खजिन्यातून द्यायचा आणि निजामाच्या नावे सव्याज मांडायचा. असे खाते कुठल्या कर्जदाराच्या हातून फिटणार? बाकी चाळीस लाखांच्या वर गेली, तेव्हा डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा भाग लिहून घेतला. नळदुर्गला कारभारी म्हणून आला मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीचा लेखक. (आमच्या जातकुळीतला; नोकरी सांभाळून लिहिणारा!)

मग १८५७ उजाडले. १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढारीपणाखाली जमावाने हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चाल केली. दिवाण सालारजंग मात्र इंग्रजांच्या बाजूला ठाम राहिला. त्या दोस्तीची परतफेड १८६० च्या तहात झाली. पन्नास लाखांचे कर्ज माफ. रायचूर आणि नळदुर्ग परत. कापसाचे वऱ्हाड काही सुटले नाही. पुढे १९०२ साली कर्झनने तेही वर्षाला पंचवीस लाखांच्या बोलीवर कायमचे पट्ट्याने घेतले.

जळकोटच्या रयतेला ना गहाण टाकताना कुणी विचारले, ना सोडवताना. तिने सारा आधी कंपनीच्या खजिन्यात भरला, मग पुन्हा निजामाच्या.

पण आपले निदान परत तरी आले. त्याच तहाने सुरपूर हे बेरड नायकांचे छोटे संस्थान निजामाला बक्षीस मिळाले. तिथला तरुण राजा व्यंकटप्पा नायक १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला आणि कैदेत नेत असताना पिस्तुलाच्या गोळीने मेला. लहानपणी त्याचे संस्थान सांभाळले होते ते टेलरनेच. राजा त्याला ‘अप्पा’ म्हणे.