सात एएचची बॅटरी, तरी रोबो का झोपतो?

हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी काळभोरच्या आसपास टँकरच्या रांगा दिसू लागतात. तेल कंपन्यांचे मोठे डेपो इथेच आहेत. त्याच गावात मुळा-मुठेकाठच्या राजबागेत एमआयटी एडीटी विद्यापीठ आहे, आणि इंजिनिअरिंगची मुलं म्हटली की रोबो आलाच. पण तो चालतो बॅटरीवर, टँकरमधल्या तेलावर नाही. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. एक किलो शिसे-आम्ल बॅटरीत ३० ते ४०. लिथियमचा कितीही बोलबाला असला तरी गाडी दोन-अडीचशेच्या पुढे सहसा सरकत नाही. त्यामुळे माणसाएवढा रोबो बांधायला घेतला की पहिली चिंता असते ती बॅटरी किती मोठी घ्यायची याची. माझ्या मते ही चिंताच चुकीच्या जागी आहे.

२००८ साली आशिया-पॅसिफिक रोबोकॉन बालेवाडीत भरली होती. विषय खास आपला, गोविंदा आणि दहीहंडी. या स्पर्धेतला सामना असतो जेमतेम तीन मिनिटांचा. समजा आपला घरगुती रोबो १२ व्होल्टवर सरासरी २० अँपिअर खातो. तीन मिनिटांत झाला १ अँपिअर-तास, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एक एएच. यूपीएसमधली साधी सात एएचची बॅटरी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळते. सातपट साठा! तरीही रोबो पहिल्याच धक्क्याला मान टाकतो.

जुन्या बाजारातून आणलेल्या, मोटारीच्या वायपरच्या चार मोटरी लावल्या आहेत असं धरू. फिरती मोटर स्वतःच विरुद्ध दिशेने व्होल्टेज तयार करत असते आणि त्यामुळे आत येणारा प्रवाह आटोक्यात राहतो. थांबलेली मोटर मात्र नुसती तांब्याची तार. चालू होताना किंवा चाक अडकल्यावर ती एकटी २० अँपिअर ओढू शकते. चारही एकदम सुटल्या की ८०. बॅटरीला आतला रोध असतो. नव्या सात एएचच्या बॅटरीत तो साधारण २५ मिलिओहम धरा, तर ८० अँपिअरला २ व्होल्ट आतच खर्ची पडतात. यूपीएसमधून काढलेल्या जुनाट बॅटरीत रोध तिप्पट झालेला असेल, तर ६ व्होल्ट गेले. बाराचे उरले सहा. रोबोचा मेंदू असलेल्या अर्डुइनो बोर्डाला ५ व्होल्ट पुरवणाऱ्या साध्या रेग्युलेटरला किमान सातेक व्होल्ट लागतात, म्हणून बोर्ड रीसेट होतो, मोटरी थांबतात, व्होल्टेज पुन्हा चढतं, बोर्ड जागा होऊन परत मोटरी सोडतो. हा खेळ पाहणाऱ्यांना वाटतं, प्रोग्राममध्ये घोळ आहे. रात्र कोड तपासण्यात जाते. मल्टिमीटर बॅटरीला लावला तर तो निवांत १२.६ दाखवतो, कारण त्या वेळी रोबो उभा असतो. मोजायचं ते धक्क्याच्या क्षणी.

शिवाय ते ‘सात’ही पूर्ण खरे नाहीत. तो आकडा २० तासांत हळूहळू काढलेल्या विजेचा, म्हणजे पाव-अर्ध्या अँपिअरचा. सात अँपिअरने ओढलंत तर चारेक एएच हाती लागतात. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८९७ मध्येच मांडलं होतं.

मग ड्रोनवाल्यांची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी? तीन सेलचा पाच एएचचा पॅक चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि ८० अँपिअर देताना व्होल्टभरही खचत नाही. पाकिटावर ‘२५सी’ लिहिलेलं असतं, म्हणजे पाचाच्या पंचवीसपट, १२५ अँपिअर. स्वस्तातल्या पॅकवर मी त्यातले निम्मेच खरे धरीन. पण लिपोचं आवरण मऊ. मोठा रोबो कलंडतो, आपटतो, आत स्क्रू सुटलेले असतात. सेल टोचला गेला की धूर आणि आग. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच, लोहगावला, रस्त्याकडेला उभी विजेवरची स्कूटर पेटलेली लोकांनी पाहिली आहे.

मोठ्या, जड रोबोसाठी माझं मत लिथियम आयर्न फॉस्फेटला, म्हणजे एलएफपीला. पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ मध्ये टेक्सासमधून या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुडइनफना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, तेही लिथियम बॅटरीच्याच कामासाठी. या पदार्थात फॉस्फरस ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे सेल तापला तरी आगीला आतूनच ऑक्सिजन मिळण्याची शक्यता बरीच घटते. सहा एएचचे दंडगोल सेल येतात, एकेक १४० ग्रॅमच्या आसपास. चार समांतर आणि असे चार गट ओळीने जोडले की १६ सेल, सव्वादोन किलो, १२.८ व्होल्ट, २४ एएच. वजन जवळपास त्या यूपीएसच्या बॅटरीइतकंच. ८० अँपिअर चौघांत वाटले की प्रत्येकाला २०, आणि घसरण साधारण अर्ध्या व्होल्टची.

यातही एक मेख आहे. पॅकवर बसवलेला संरक्षक बोर्ड, बीएमएस, ३० अँपिअरचा घेतलात तर तो धक्क्याला धोका समजून वीजच तोडतो आणि रोबो पुन्हा जागच्या जागी. बीएमएस धक्क्याच्या हिशोबाने घ्यायचा, सरासरीच्या नाही. मेंदूच्या बोर्डाला वेगळी छोटी बॅटरी द्यायची, दोघांची ऋण टोकं मात्र जोडायची. आणि फ्यूज धन टोकापासून वीतभराच्या आतच. पण सेलजोडणी उघडी असताना पाना आडवा पडला तर फ्यूजही वाचवत नाही, असा पॅक हजारभर अँपिअर ओतू शकतो. पाना तिथेच चिकटतो, आणि तो काढायला लगेच हात घालायचा नसतो.