पस्तीस मिनिटांची हंडी आणि माझे दोन तवे

या आठवड्याच्या व्हिडिओत मी सिंगापूरच्या एका फूड सेंटरमधली भाताची हंडी दाखवली. व्हिडिओ सात मिनिटांचा होता, त्यामुळे दोन गोष्टी राहून गेल्या. एक म्हणजे त्या स्टॉलचं गणित. दुसरी म्हणजे माझी एक चूक, जी मी गेली काही वर्षं ट्रेनिंगमध्ये चुकीच्या पद्धतीने सांगत आलोय. आज दोन्ही लिहितो.

मामेबहीण सिंगापूरला नोकरी करते. डिसेंबरमध्ये तिच्याकडे गेलो होतो. मी म्हटलं, मला मॉल नको, छोटे धंदे दाखव. ती मला चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये घेऊन गेली. खाली बाजार आणि वरच्या मजल्यावर खाण्याचे दोनशेहून जास्त स्टॉल. एकेक स्टॉल म्हणजे आपल्याकडच्या पानटपरीपेक्षा थोडा मोठा गाळा. समोर सगळ्यांनी मिळून वापरायची टेबलं. टेबल धरायचं तर त्यावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवायचं, आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तसं. कोणी ते पाकीट हलवत नाही.

हे सगळे एकेकाळी रस्त्यावर होते

हे आधी समजून घ्या. सिंगापूरमधले खाद्यपदार्थ विकणारे लोक पूर्वी आपल्यासारखेच हातगाड्यांवर, फुटपाथवर बसायचे. १९६८-६९ मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली. पुढे १९७०च्या दशकापासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांना पाणी, ड्रेनेज आणि वीज असलेल्या बांधीव केंद्रांत हलवलं. त्यांना तिथे हॉकर सेंटर म्हणतात. देशभरात अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. चायनाटाउन कॉम्प्लेक्समधल्याच सोया सॉस चिकन विकणाऱ्या एका स्टॉलला २०१६ मध्ये मिशेलिन गाईडचा एक स्टार मिळाला होता. गाळा छोटा असला म्हणजे धंदा छोटाच राहतो असं नाही, एवढं यातून लक्षात घ्या.

"थर्टी-फाइव्ह मिनिट. कॅन?"

बहिणीने मला क्लेपॉट राइसच्या स्टॉलसमोर उभं केलं. हा मूळचा चीनच्या ग्वांगडाँग भागातला, म्हणजे कँटनीज लोकांचा पदार्थ. हाँगकाँगमध्ये थंडीच्या दिवसांत तो आवडीने खातात. कँटनीजमध्ये नाव बो जाय फान. बो जाय म्हणजे छोटी हंडी आणि फान म्हणजे भात.

स्टॉलवर साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. तिथे अशा बायकांना सगळे आंटीच म्हणतात. माझ्यापुढे एक तरुण होता. आंटीने त्याला वेळ सांगितली, त्याने घड्याळ बघितलं आणि तो निघून गेला. आंटीने त्याला थांबवलं नाही, "लवकर देते" असंही म्हटलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "थर्टी-फाइव्ह मिनिट. कॅन?"

मी म्हटलं, "कॅन." तिने चिठ्ठीवर टेबलाचा नंबर लिहून घेतला. एकट्यापुरत्या छोट्या हंडीचे ८ डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण पाचशे रुपये.

माझं आता भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे नजर आधी हंड्यांवर गेली. आतून झिलई, बाहेरून खरबरीत, आणि प्रत्येक हंडीला बाहेरून तारेची जाळी आवळलेली. सततच्या आचेने माती तडकली तरी हंडी फुटून पसरत नाही. आपल्याकडे कोणी मातीची हंडी घ्यायला आलं की पहिला प्रश्न असतो, "फुटणार नाही ना?" तिथे उत्तर हंडीलाच बांधलेलं होतं.

टेबलावर बसायचं सोडून मी स्टॉलच्या बाजूला उभा राहून बघत होतो. ओळीने दहा शेगड्या, कोळशाच्या. हंडीत भिजवलेले तांदूळ आणि पाणी, वर झाकण. पाणी आटत आलं की भातावर मुरवलेल्या चिकनचे तुकडे. ज्याला हवं त्याला लाप चोंगच्या चकत्या, म्हणजे डुकराच्या मांसाचं वाळवलेलं, जरा गोडसर सॉसेज. पुन्हा झाकण. शेवटी चिमट्याने हंडी तिरकी करायची आणि थोड्या थोड्या वेळाने फिरवायची, म्हणजे तळाबरोबर कडेचा भातही खरपूस होतो. आतला एक माणूस फक्त हेच करत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पहिल्या हंडीचं झाकण उघडेपर्यंत दहावी नुकतीच चढलेली असायची. कोणी घाई करत नव्हतं, आणि कोणाचा हात रिकामाही नव्हता.

दरम्यान आंटीने विचारलं, उकडलेली भाजी हवी का, सूप हवं का? भाजी दोन मिनिटांत आली. बहिणीने शेजारच्या पेयांच्या स्टॉलवरून लिंबाचं सरबत आणलं. म्हणजे बघा, थांबलेलं गिऱ्हाईक उपाशी नव्हतं, आणि आंटीच्या गल्ल्यात तोवर भाजीचे पैसेही आले होते.

तेहतिसाव्या मिनिटाला हंडी आली. झाकण काढल्यावर वाफेचा लोट. वर काळा, दाटसर, किंचित गोड सोया सॉस आणि थोडं तेल ओतायचं आणि लगेच तळापासून हलवायचं. मी खारवलेल्या मासळीचा तुकडा घालायला सांगितला होता. तो वास आला आणि मला कोकणातलं आजोळ आठवलं, आजी चुलीत खारा बांगडा भाजायची तो वास. भात मोकळा, चिकनचा रस दाण्यादाण्यात उतरलेला. पण खरी मजा शेवटी. हंडीच्या तळाला भाताची खरपुडी धरते. चमच्याने ती खरवडून खायची. कुरकुरीत, कोळशाच्या धुराची चव असलेली. ही खरपुडी आधी करून ठेवलेल्या भाताला येत नाही. कच्च्या तांदळापासून त्याच हंडीत, त्याच आचेवर वेळ दिला तरच येते. गिऱ्हाईक पस्तीस मिनिटं थांबतं ते याच्यासाठी.

आता गणित

ट्रेच्या कागदाच्या मागे मी लिहिलं. शेगड्या १०. एका हंडीला उतरवण्या-चढवण्यासकट अर्धा तास धरा. म्हणजे एका शेगडीवर तासाला २ हंड्या, दहा शेगड्यांवर २०. संध्याकाळचे चार तास धरले तर ८० हंड्या. ऐंशीच्या वर एकही नाही, मग आंटीचा हात कितीही चालो.

धंद्यात जिथे काम अडतं त्या जागेला आपण बॉटलनेक म्हणतो. इथे ती जागा म्हणजे शेगडी. आंटीचे सगळे निर्णय त्या दहा शेगड्यांभोवती आहेत. शेगडी एक मिनिटही रिकामी ठेवायची नाही. शेगडीवर जे होतं त्याचे चांगले पैसे घ्यायचे, कारण एका शेगडीला तासाला दोनच संधी मिळतात. शेगडी न लागणारी भाजी आणि सूप सोबत विकायचं. आणि वेळ आधी, खरी सांगायची. जो थांबू शकत नाही तो पहिल्या मिनिटाला गेलेला परवडतो. तोच विसाव्या मिनिटाला चिडून गेला तर त्याच्याबरोबर तयार होत आलेली हंडीही वाया जाते.

हे लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. कारण हेच गणित माझ्या समोर आठ वर्षांपूर्वी होतं आणि मी ते केलं नव्हतं.

माझे दोन तवे

बीबीए झाल्यावर दोन वर्षं नोकरी केली आणि मग कराडला थालीपिठांचं काउंटर टाकलं. आई थालीपीठं करायची, मी गल्ल्यावर. आईची भाजणी घरची, आणि पद्धत जुनी: गार तव्यावरच थालीपीठ थापायचं, मध्ये भोकं पाडायची, तेल सोडायचं, झाकण ठेवायचं. चव त्यातच होती. पहिल्या महिन्यात दुपारी साडेबारा ते अडीच रांग लागायची.

शेगडी दोन बर्नरची, तवे दोन. थालीपीठ भाजायला ७ मिनिटं. मग पाणी मारून तवा निवायला ३ मिनिटं. म्हणजे एका तव्यावर तासाला ६, दोन तव्यांवर १२, दुपारच्या दोन तासांत २४. आणि मी ऑर्डर किती घ्यायचो? पन्नास, कधी साठ. प्रत्येकाला सांगायचो, "पाच मिनिटांत देतो."

लोक चिडायचे. मी आत वळून म्हणायचो, "आई, जरा हात चालव ना गं." गिऱ्हाइकांसमोर. रोज.

आई एकदा म्हणाली होती, "अजून दोन तवे आण. एक निवेपर्यंत दुसऱ्यावर थापते." मी म्हटलं, आधी आहेत त्यांवर वेग वाढव, उगाच खर्च नको. मग मी माझं डोकं चालवलं. सकाळीच थालीपीठं अर्धी भाजून ठेवायची आणि ऑर्डर आली की गरम करून द्यायची. आईला ते पटलं नाही, पण तिने केलं. थालीपीठं वातड व्हायला लागली. रांग आपोआप कमी झाली. अकराव्या महिन्यात काउंटर बंद केलं. एक लाख ऐंशी हजार गेले.

आता आईचे दोन तवे मोजू. चार तवे असते तर बर्नर कधी रिकामा राहिला नसता. दर ७ मिनिटांना एका बर्नरवर एक, म्हणजे दोन बर्नरवर तासाला १७, दोन तासांत ३४. रोजची दहा थालीपीठं जास्त. ३० रुपयांप्रमाणे रोज ३०० रुपये जास्तीची विक्री. तेव्हा चांगला तवा ४०० रुपयांना मिळायचा. दोन तव्यांचे ८०० रुपये, म्हणजे तीन दिवसांची जास्तीची विक्री. आज मी स्वतः तवे विकतो, त्यामुळे ही किंमत मला जरा जास्तच टोचते.

चौतीस तरी पन्नासला पुरले नसते, हे खरं आहे. पण मग उरलेल्यांना खरी वेळ सांगायची होती. दर ३० चा ४० करून बघायचा होता. ताक, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर असं तवा न लागणारं काहीतरी सोबत ठेवायचं होतं. यातलं काहीच केलं नाही. जिथे काम अडत होतं ती जागा तवा होती, आणि मी बोट दाखवत राहिलो आईच्या हाताकडे.

आणि सगळ्यात वाईट पुढे आहे. गेली चार वर्षं मी ट्रेनिंगमध्ये हाच किस्सा सांगतोय आणि त्याचं तात्पर्य सांगतोय, "घरच्या माणसाला कामाला लावू नका, त्यांचा वेग धंद्याला पुरत नाही." तुमच्यापैकी अनेकांनी ते ऐकलंय. एका ताईने तर मला सांगितलं होतं की हे ऐकून तिने सासूबाईंना पापडाच्या कामातून बाजूला केलं. ते तात्पर्य चुकीचं होतं. तो व्हिडिओ मी चॅनेलवरून काढलाय आणि त्या ताईंना फोनही केलाय.

प्रत्येक धंद्यात थांबवता येत नाही

लगेच उद्यापासून गिऱ्हाइकाला अर्धा तास थांबवू नका. स्टँडवरच्या वडापाववाल्याने पस्तीस मिनिटं सांगितली तर एसटी निघून जाईल. थांबवायचं तेव्हाच, जेव्हा थांबल्यामुळे गिऱ्हाइकाला असं काही मिळतं जे घाईत मिळूच शकत नाही. आंटीकडे खरपुडी होती. माझ्याकडे गार तव्यावर थापलेलं थालीपीठ होतं, आणि वेग वाढवायच्या नादात मी नेमकं तेच काढून टाकलं. शिवाय आंटीचं काम सोपं नाही. दिवसभर कोळशाची धग, जड हंड्या आणि विक्रीला ठरलेली मर्यादा. असं काम पुढे चालवायला तरुण मुलं सहज तयार होत नाहीत. ही किंमतही हिशेबात धरा.

या आठवड्याचा गृहपाठ

एका कागदावर चार ओळी लिहा.

१. तुमच्या कामात सगळ्यात जास्त खोळंबा कुठे होतो? तवा, शिलाई मशीन, प्रिंटर, ओव्हन, की डिलिव्हरीची गाडी? माणसाचं नाव लिहायच्या आधी वस्तूचं नाव शोधा.

२. त्या जागेवर एका कामाला किती मिनिटं लागतात? अंदाज नको, मोबाइलचं घड्याळ लावून दहा वेळा मोजा.

३. त्यावरून तासाला जास्तीत जास्त किती कामं होतील? तुम्ही ऑर्डर त्यापेक्षा जास्त घेताय का?

४. तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारा, "तुला काय लागेल?" आणि उत्तर ऐकून घ्या.

चौथी ओळ सोडू नका. माझं उत्तर आठ वर्षांपूर्वी मला फुकट मिळालं होतं.

सिंगापूरहून त्याच रात्री आईला फोन केला. हंडीचं, शेगड्यांचं, गणिताचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, "आई, तुझा हात हळू नव्हता. तवे कमी होते." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते मला तेव्हाच माहीत होतं रे. त्या बाईकडे शेगड्या किती म्हणालास?"

"दहा."

"बरं आहे तिचं," आई म्हणाली.