गेलेली वीज परत कशी येते?

मुंबईशी ज्यांचा देवघेवीचा संबंध आहे, त्या व्यापारी बंधूंना सोमवार, दिनांक १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस स्मरत असेल. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे भागातील मुख्य वाहिन्या बंद पडल्या आणि शहराचा वीजपुरवठा खंडित झाला. लोकलगाड्या दोन-अडीच तासांनी चालू झाल्या. परंतु काही वस्त्यांत रात्र पडली तरी दिवे लागले नव्हते. अशा वेळी आपण वीज कंपनीस दोष देतो. तो नेहमीच अनाठायी असतो असे नाही. पण विलंबाचे मोठे कारण विजेच्या स्वभावातच आहे.

वीज हा माल धान्याप्रमाणे गोदामात थप्पी लावून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जितकी खपते, त्याच क्षणी तितकी उत्पन्न व्हावी लागते. हा तोल दर सेकंदास ५० आवर्तनांच्या काट्यावर पाहतात. काटा फार ढळला की यंत्रे स्वरक्षणार्थ आपोआप सुटी होतात व एकामागून एक केंद्रे बंद पडतात. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचे जाळे असेच कोसळले. गुजरात व महाराष्ट्र बचावले.

आता खरी अडचण. कोळशाचे केंद्र चालू करण्यास आधी वीजच लागते. कोळसा दळणाऱ्या चक्क्या, पंखे, पंप सारे विजेवरच. बियाणेच विकून खाल्ले तर शेतकरी पेरणार काय? हे बियाणे धरणापाशी मिळते. तेथे दार उघडले की पाणीच चक्र फिरवते. प्रारंभी लागणारी थोडी वीज डिझेलच्या जनित्रातून घेता येते. आपल्या तापीवर उकाईस ३०० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे आणि जवळच कोळशाचेही, हा शेजार मोलाचा होय. काकरापारची अणुभट्टी बंद पडली तरी तिला थंड ठेवणारे पंप थांबवून चालत नाही. त्यासाठी तेथे जनित्रे असतात. तरीही बाहेरचा पुरवठा तिला अग्रक्रमाने द्यावा लागतो.

मग ग्राहक जोडतात, पण थोडेथोडे. सर्व शहर एकदम जोडले तर थांबलेल्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी जोर मागतात आणि नुकतेच उभे राहिलेले जाळे पुन्हा कोसळते. सुरतेत तर यंत्रमागच लाखो! म्हणून रेल्वे, रुग्णालये, पाणीपुरवठा आधी. आपला बाजार नंतर. वीज गेली की गिरणी, शीतपेटी, यंत्रमाग यांचे खटके बंद करावेत, एक दिवा तेवढा चालू ठेवावा. तो लागल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून एकेक यंत्र सुरू करावे.