दारू सोडणाऱ्याला सोबत हवी

दारू सोडली, असे सांगणारे गावोगावी पुष्कळ भेटतात. कोणी देवापुढे नारळ फोडतो. कोणी आईच्या पायाला हात लावून शपथ घेतो. चार-दोन महिने बरे जातात. मग मंडई येते. पाहुणे येतात, रात्री दंडार होते, जुने सोबती हाक मारतात आणि शपथ मोडते. घरचे म्हणतात, "याच्या बोलण्यात राम नाही." तो गडीही मनातून खचतो आणि पुन्हा पिऊ लागतो.

असे का होते? शपथ घेताना तो खोटे बोलत नसतो. पण रोज पिणाऱ्याच्या शरीराला आणि मेंदूला दारूची सवय जडते. दारू मिळाली नाही की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. डॉक्टर याला आजार म्हणतात. आजाराला औषध हवे, आणि औषधानंतर सोबत हवी. ही सोबत कशी असते व कोठे मिळते, ते आम्ही येथे सांगतो.

दोन माणसांपासून सुरुवात

ही गोष्ट अमेरिकेतली, १९३५ सालची. बिल विल्सन हा न्यूयॉर्क शहरात शेअर बाजारात काम करी. दारूपायी त्याचे सारे बुडाले होते. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. कामासाठी तो अ‍ॅक्रन नावाच्या शहरी गेला. काम फसले. हॉटेलात तो एकटाच होता, आणि तेथेच दारूची बैठक होती. प्यावेसे वाटू लागले. तेव्हा त्याने ओळखले, की या घटकेला आपण दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो तरच निभेल. त्याने फोन करून चौकशी केली. तिच्यातून डॉक्टर बॉब स्मिथ यांची भेट झाली. तेही दारूने ग्रासलेले. दोघे कित्येक तास बोलत बसले. बिलने उपदेश केला नाही. आपले काय झाले, एवढेच सांगितले.

१० जून १९३५ नंतर डॉक्टर स्मिथ यांनी दारूला शिवले नाही. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानतात. लोक तिला ए. ए. म्हणतात. १९५७ साली तिचे काम भारतात सुरू झाले.

बैठकीत काय होते?

बैठकीला फी नाही. जात, धर्म, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा असली की पुरे. एकेक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. तेथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, असा रिवाज आहे. 'जन्मभर पिणार नाही' असे मोठे ओझे तेथे कोणी उचलत नाही. 'आज पिणार नाही' एवढेच ठरवायचे. उद्याचे उद्या.

घरच्यांनाही आधार लागतो. त्यांच्यासाठी १९५१ साली 'अल-अनॉन' ही वेगळी संघटना निघाली.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे बरे झालेले लोक पुढे दुसऱ्यांना आधार देतात. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ साली 'मुक्तिपथ' ही मोहीम निघाली.

गट कसा शोधावा?

पहिले काम डॉक्टरांकडे जाण्याचे. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवावे. आशाताईंना विचारले तरी त्या वाट दाखवतील. दारू सुटण्याची पूड भाजीत चोरून कधीच घालू नये. अशा काही औषधांवर माणूस दारू प्याला तर जिवावर बेतते.

दुसरे काम चौकशीचे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारी फोन आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. फोनवर सरळ विचारावे, "आमच्या जवळ बैठक कोठे भरते?" नागपुरातही ए. ए. चे गट आहेत. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. पहिल्या खेपेला घरचे कोणी किंवा एखादा मित्र बरोबर असावा. नुसते ऐकत बसले तरी चालते. एका बैठकीत मन लागले नाही, तर परत जावे.

तिसरी गोष्ट. जवळ गट नसेल तर निराश होऊ नये. दोन-तीन जण दारू सोडण्यासाठी एकत्र बसले, तरी तो गट होतो. बिल आणि बॉब दोघेच होते. शाळेचे किंवा समाजमंदिराचे एक खोलीभर ठिकाण मागून घ्यावे. वार व वेळ ठरवावी आणि ती मोडू नये.

बाकीच्या गावकऱ्यांनीही एवढे करावे : बैठकीला जाणाऱ्याची टिंगल करू नये, आणि मंडईच्या दिवशी त्याला पेला पुढे करू नये. एखाद्या वेळी तो घसरला, तर "आम्हांला ठाऊकच होते" असे म्हणू नये. पुढच्या बैठकीला त्याच्याबरोबर चालत जावे.