डांगी गाय आणि दुधाचे माप

महाराष्ट्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईस 'राज्यमाता-गोमाता' ही पदवी अर्पण केली. त्या शासननिर्णयात देवणी, लाल कंधारी, खिल्लार, गवळाऊ यांच्या जोडीस उत्तर महाराष्ट्राची म्हणून डांगी गाईचेही नाव आहे. नाव छापले गेले हे ठीकच झाले. परंतु ही डांगी गाय दिसते कशी, राहते कोठे आणि तिला पोसतो कोण, हे शहरांतील आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? घोटी-इगतपुरीकडचा तांदूळ ज्यांच्या ताटात नित्य पडतो, त्यांनी तरी ही अनास्था बाळगू नये. कारण त्या तांदळाच्या खाचरांत पिढ्यानपिढ्या चिखल तुडविला तो याच गाईच्या पोटच्या बैलांनी.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, अकोले आणि त्यांस लागून असलेला ठाणे-पालघरकडील डोंगराळ मुलूख व गुजरातेतील डांग, हे या जातीचे माहेर. येथे पावसाळा म्हणजे नुसती सर येऊन जाणे नव्हे. महिना महिना आभाळ फाटलेले असते. देशावरचा उंचापुरा, देखणा बैल या पावसात चार दिवस उभा केला तर अंग धरून बसेल, आणि त्याचे खूर चिखलात कुजू लागतील. डांगीची घडणच निराळी. बांधा मध्यम, पाय आखूड, छाती खोल, डोके लहान, शिंगे आखूड व जाड, कान लहान. अंगावर पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके व पट्टे असे विखुरलेले, की दोन जनावरे हुबेहूब सारखी सापडणे कठीण. या रंगांवरूनच पाळणारे लोक पारा, बहाळा, मणेरी, शेवरा अशी नावे ठेवतात. खूर काळे आणि गारगोटीसारखे टणक. पण खरी मौज आहे ती कातडीची. तिच्यातून तेलकट स्राव पाझरतो. त्यामुळे पावसाचे पाणी अंगात न मुरता निथळून जाते. सृष्टीने दिलेले हे इरले घेऊन हा बैल भर पावसात दिवसभर औत ओढतो. चाल मंद, पण दम मोठा. जंगलातून लाकडाचे ओंडके ओढून काढण्याचे कामही याच जातीने केले.

आता दुधाविषयी. डांगी गाय एका वेतास सरासरी चारशे किलोच्या आसपास दूध देते, आणि पहिले वेत यावयास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या वर असतो हे खरे, पण संकरित गाईच्या कित्येक पट दुधापुढे हा आकडा कोणासही क्षुद्रच वाटणार. तेव्हा 'अशी गाय ठेवावी कशाला?' हा प्रश्न साहजिक आहे, आणि गेली पन्नाससाठ वर्षे सरकारच्या पशुधोरणाने त्याचे उत्तर जर्सी व होल्स्टीनच्या संकराने दिले. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही इतकेच विचारतो, की ज्या दुकानाच्या वहीत एकाच मालाची विक्री जमेस धरली आणि बाकीची टिपलीच नाही, त्या दुकानाचा ताळेबंद खरा मानाल काय? डांगीचे उत्पन्न म्हणजे दुधाची चरवी नव्हे. बैलजोडी, शेणखत, आणि विकत घ्यावा लागत नाही असा डोंगराचा चारा, या तीन रकमा सोडून हिशेब मांडला तर ती तोट्यातच दिसेल.

अर्थात बैलाचाच काळ सरत आला, हा आक्षेप वजनदार आहे. गोवंशातील नरांची संख्या देशात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६ कोटी ७९ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. सपाट जमिनीत ट्रॅक्टर येणारच व यावाही. बैलाच्या मागे माणसाने जन्मभर चिखलात राबावे असे आम्ही म्हणत नाही. पण डोंगरउतारावरील हात-दोन हात रुंदीच्या खाचरांत यंत्र वळणार कोठे? (शर्यतीस सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मान्यता कायम केल्यापासून खिल्लाराचा भाव वधारला आहे, मंदगती डांगीस तो आधारही नाही.)

यात कायद्याचाही एक भाग आहे. १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती बंदी बैल व वळू यांसही लागू झाली, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कत्तलबंदी कायम ठेवली. त्या कायद्याच्या योग्यायोग्यतेचा वाद आज आम्ही उकरीत नाही. प्रश्न एवढाच, की त्याचा खर्च कोणी सोसावयाचा? पूर्वी थकलेला बैल बाजारात जाई आणि त्या पैशांत थोडी भर घालून नवा गोऱ्हा दावणीस येई. ते दार बंद झाले. सार्वजनिक हेतूसाठी एखाद्याच्या मालमत्तेची किंमत उतरविली, तर तिचा भार सर्वांनी वाटून घ्यावा हे न्यायाचे साधे तत्त्व आहे. येथे तो भार महादेव कोळी, ठाकर, कानडे अशा डोंगरी कुटुंबांच्या एकट्याच्या दावणीवर पडला.

सरकारने देशी गाईमागे रोज ५० रुपये देऊ केले, पण ते गोशाळांना. गोशाळेत जनावर जगते. जात टिकत नाही. जात टिकते ती चांगला वळू निवडून ठेवणाऱ्या, वासरू पारखणाऱ्या आणि डोंगरात जनावर हिंडविणाऱ्या माणसामुळे. ज्याने डांगी पिढ्यानपिढ्या घडविली त्यास छदामही नाही, आणि तिला केवळ आसरा देणाऱ्यास दैनिक भत्ता, ही वाटणी आम्हांस उलटी दिसते. गावचा डांगी वळू सांभाळणाऱ्यास व शुद्ध डांगी गाय दावणीस ठेवणाऱ्यास तोच भत्ता थेट मिळाला पाहिजे. या तालुक्यांतील पशुदवाखान्यांत डांगी वळूचे रेत मागताक्षणी मिळाले पाहिजे. नाहीतर गाय माजावर आली की जे रेत हाताशी असेल तेच भरले जाते, आणि एका दिवसात वंश बदलतो.

चराईचेही तसेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये गुरे चारण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. डांगी पाळणाऱ्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने तो मागावा, व जिल्हाधिकाऱ्यांनी असे दावे प्रलंबित न ठेवता निकालात काढावे. अकोले तालुक्यात राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. तेथे मंत्री येतात, भाषणे होतात, वळूंस बक्षिसे मिळतात. पुढील प्रदर्शनास येणाऱ्या मंत्र्यांनी हाराबरोबर एवढ्या तीन मागण्यांचे उत्तरही खिशात घालून आणावे.