आजचा आकडा, परवाचा नमुना



स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, शिक्षण कला शाखेचे. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि तारखा आणि आकडे यांच्यात आमचे अर्धे आयुष्य गेले आहे, आणि कोरोनाच्या काळात आपल्या नवीन जालन्यात तारखा आणि आकडे यांच्याविषयी जेवढी चर्चा झाली तेवढी कधीच झाली नसेल. त्या चर्चेत आमच्या हातूनही एक चूक घडली. ती पुन्हा कोणाच्या हातून घडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

फळ्यावरचा आकडा

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपल्या जालन्यातही पहिला रुग्ण सापडला. त्या वर्षीची १४ एप्रिलची जयंती आपण सर्वांनी घरातच साजरी केली, हे आपणांस आठवत असेलच. तेव्हापासून संध्याकाळी आकडा ऐकल्याशिवाय कोणाला घास गोड लागत नसे. आमच्या वस्तीतील वाचनालयाबाहेर एक फळा आहे. त्यावर राज्याचा रोजचा आकडा लिहिण्याचे काम आम्ही आपणहून अंगावर घेतले होते. लोक कुंडलिकेच्या पुलावरून जुन्या जालन्यात जाता-येता थांबून तो वाचत.

मार्च २०२१ च्या अखेरीस दुसरी लाट चढत होती. रविवार, २८ मार्च रोजी राज्यात ४०,४१४ नवे रुग्ण नोंदले गेले. सोमवारी हा आकडा ३१,६४३ झाला आणि मंगळवारी, ३० मार्चला तो २७,९१८ वर आला. आम्ही मोठ्या उत्साहाने रंगीत खडूने खाली लिहिले, ‘सलग दुसऱ्या दिवशी घट!’ दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, आकडा पुन्हा ३९,५४४ वर गेला. पण मार्चअखेरच्या हिशेबांत आम्हांस रात्री उशीर झाला आणि फळा दोन दिवस तसाच राहिला.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. शेजारच्या गल्लीत एक बारसे झाले. घर लहान, माणसे बरीच. आमचे मामाही गेले होते. पुढे त्या घरातील गृहस्थ आम्हांला म्हणाले, “भाऊ, तुमच्या फळ्यावर कमी झालं वाचलं, म्हणूनच सगळ्यांना बोलावलं.” यावर काय उत्तर द्यावे, हे आम्हांस त्या दिवशी सुचले नाही.

आकडा का उतरला होता?

रोग दोन दिवसांत कमी होऊन तिसऱ्या दिवशी वाढला होता काय? मुळीच नाही. २८ मार्चला होळी आणि रविवार एकत्र आले होते, २९ ला धुळवड होती. सुट्टीच्या दिवशी नमुने देणारे कमी, घेणारे कमी, तपासणारेही कमी. तपासणी कमी झाली म्हणून सापडणारे रुग्ण कमी झाले. आजार सुट्टीवर गेला नव्हता, सुट्टीवर आपण गेलो होतो.

आमच्या धंद्यातील उदाहरण देतो. एखाद्या ग्राहकाने सोमवारी बाहेरगावचा धनादेश भरला. पूर्वी तो वटून खात्यावर जमा व्हायला कित्येक दिवस लागत. पासबुकात जमेची तारीख पडते ती रक्कम जमा झाल्याची. व्यवहार त्याआधीच झालेला असतो. बँकेला दोन दिवस सुट्टी असली तर पासबुकात काहीच उमटत नाही, म्हणून लोकांचे व्यवहार थांबले असे कोणी म्हणत नाही. रुग्णांचा रोजचा आकडा हा असाच पासबुकातील आकडा आहे. प्रत्येक रुग्णाच्या निदान तीन तारखा असतात: लक्षणे सुरू झाल्याची, नमुना दिल्याची आणि अहवाल आल्याची. ‘आज इतके रुग्ण’ असे आपण ऐकतो तेव्हा त्यातील ‘आज’ ही बहुधा तिसरी तारीख असते.

नमुन्याचा प्रवास

नाकातून किंवा घशातून घेतलेला नमुना एका विशिष्ट द्रवात, थंड डब्यात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. सुरुवातीला राज्यात अशा प्रयोगशाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९५२ साली स्थापन झालेली पुण्याची संस्था, जी आज राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखली जाते, मुंबईचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांतील प्रमुख. पुढे आपले नमुने औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, घाटी रुग्णालयात जाऊ लागले. सुमारे साठ किलोमीटरचे अंतर, आणि तेथे इतर जिल्ह्यांचेही नमुने आलेले. पुढे जालन्यातही तपासणीची सोय झाली.

आरटी-पीसीआर तपासणीत विषाणूच्या जनुकीय अंशाची प्रत तयार करून ती यंत्रात पुनःपुन्हा दुप्पट करीत नेतात. एक रुपया तीस वेळा दुप्पट केला तर तो १०७ कोटींच्या वर जातो. त्याचप्रमाणे अत्यल्प विषाणूही शेवटी यंत्राला दिसू लागतो. या कामाला काही तास लागतात. म्हणजे तपासणी स्वतः फार वेळ खात नाही. वेळ जातो तो नमुने गोळा होण्यात, गाडीची वाट पाहण्यात, यंत्राची खेप भरण्यात, नोंदी संगणकावर चढवण्यात आणि अहवाल गावी परतण्यात. काउंटरवर एका ग्राहकाचे काम पाच मिनिटांचे असते, पण रांग पन्नास जणांची असली तर शेवटच्याला चार तास लागतात. त्यात कारकुनाचा आळस असतोच असे नाही. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

उशीर टाळण्यासाठी जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जलद अँटिजेन चाचणीस परवानगी दिली. तिचा निकाल अर्ध्या तासात मिळतो. परंतु ती काही बाधितांना हुकते. म्हणून लक्षणे असूनही ती नकारात्मक आली तर आरटी-पीसीआर करावी, असे परिषदेने सांगितले होते. खर्चाचाही प्रश्न होताच. खासगी प्रयोगशाळेतील तपासणीची कमाल किंमत आधी ४,५०० रुपये होती, ती जून २०२० मध्ये राज्य शासनाने २,२०० रुपयांवर आणली आणि मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० रुपये केली. रोजंदारीवरील माणूस साडेचार हजार देऊन तपासणी करणार नाही, आणि जो तपासत नाही तो आकड्यातही येत नाही.

तुंबलेल्या नमुन्यांचे गणित

समजा, एका गावात रोज ५०० नमुने घेतले जातात, पण प्रयोगशाळेची क्षमता ३०० ची आहे. शंभर नमुन्यांमागे २० बाधित निघतात. खरे पाहता रोज १०० बाधितांचे नमुने दिले जात आहेत, पण जाहीर होतात ६०. पाच दिवस गाव म्हणते, ‘आकडा स्थिर आहे.’ या पाच दिवसांत रोज २०० याप्रमाणे १,००० नमुने तुंबतात. सहाव्या दिवशी नवीन यंत्रे येतात, तुंबलेले १,००० आणि त्या दिवसाचे ५०० असे १,५०० नमुने एकदम तपासले जातात आणि ३०० रुग्ण जाहीर होतात. गावात हाहाकार, ‘एका दिवसात पाचपट!’ वास्तविक आजार पहिल्या दिवशी होता तेवढाच सहाव्या दिवशी आहे. पाच दिवसांचा दिलासाही खोटा आणि सहाव्या दिवसाची घबराटही खोटी.

मात्र एक गोष्ट बदलली नाही, हे लक्षात घ्यावे. ३०० मागे ६० आणि १,५०० मागे ३००, दोन्ही वेळा प्रमाण शंभरास वीसच. म्हणूनच नुसत्या रुग्णसंख्येपेक्षा तपासण्यांमागे बाधितांचे प्रमाण पाहणे शहाणपणाचे. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे प्रमाण निदान दोन आठवडे पाच टक्क्यांखाली राहावे, असा निकष दिला होता. अर्थात तपासणी कोणाची झाली यावरही हे प्रमाण अवलंबून असते. फक्त तापाच्या रुग्णांची तपासणी केली तर ते जास्त येणार, बाजारातील सर्वांची केली तर कमी.

मृत्यूंच्या आकड्याचेही असेच आहे. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने १,३२८ मृत्यू एकदम नोंदीत घेतले. ते आधी होऊन गेलेले, पण नोंदीच्या पडताळणीत उरलेले होते. ती सर्व माणसे एका दिवसात गेली नव्हती, कागदावर मात्र एका दिवसात आली. याला कोणी लपवाछपवी म्हणाले, कोणी प्रामाणिकपणा. आमच्या मते ताळेबंद उशिरा जुळणे वाईट, पण न जुळवणे त्याहून वाईट.

भीतीमुळे हरवणारे आकडे

आकडा नेहमी यंत्रामुळेच अडतो असे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे पुण्यात घराघरांची सक्तीने झडती सुरू झाली, तेव्हा लोक रुग्णांना लपवू लागले. जे लपले ते मोजले गेले नाहीत आणि आजार घरातच वाढला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांची सेवा केली, आणि १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा प्लेगनेच अंत झाला. रुग्णाला हाक मारून जवळ घेणारे कोणी असेल, तरच तो पुढे येतो.

१९९४ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळले आणि त्यानंतर सुरतेत साथ आली. आम्ही त्या वेळी शाळेत होतो. संशयित किती आणि खात्रीचे किती, हे कळण्याआधीच सुरतेहून लोक गाव सोडून निघाले होते. अहवाल उशिरा येतो तेव्हा ती जागा अफवा भरून काढते.

मामांचा अहवाल

बारशानंतर चार-पाच दिवसांनी मामांना ताप भरला. त्यांना तेथेच लागण झाली, असे आम्ही ठामपणे म्हणू शकत नाही. साथ सर्वत्रच होती. नमुना दिला. अहवाल पाचव्या दिवशी आला. दरम्यान मामा म्हणत, “अजून रिपोर्ट कुठं आलाय? साधा ताप असेल.” आणि आम्हीही मान डोलावली. एकाच खोलीत मामा-मामी झोपत होते. अहवाल आला तेव्हा मामी आजारी होत्या. मामी वाचल्या. मामा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. त्याच सुमारास, १८ एप्रिलला, राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले होते.

त्यानंतर आम्ही कित्येक रात्री वहीत फळ्यावरचे जुने आकडे पाहत बसलो. मामा यांतल्या कोणत्या तारखेत आहेत? ताप आला त्या दिवशी ते आकड्यात नव्हते, नमुना दिला त्या दिवशी नव्हते. मामींना लागण झाली तोपर्यंतही नव्हते. ज्या दिवशी आकड्यात आले असतील, त्या दिवशी सांगून उपयोग उरला नव्हता.

आपण काय करावे?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोजच्या आकड्यांचा तो काळ सरला. पण जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बॅरे आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पुन्हा ‘संशयित’ आणि ‘निश्चित’ असे दोन आकडे सांगितले जात होते. पावसाळ्यात डेंग्यूचे आकडे तर येतातच. तेव्हा पुढील गोष्टी लक्षात असाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.

१) आकडा ऐकला की विचारावे: तपासण्या किती झाल्या, आणि किती नमुन्यांचे अहवाल बाकी आहेत?

२) एका दिवसाचा आकडा पाहू नये. मागील सात दिवसांची बेरीज करून सातने भागावे. सुट्टीचा चढउतार त्यात बराचसा निघून जातो.

३) तपासणी कोणती, हे विचारावे. डेंग्यूतही पहिल्या चार-पाच दिवसांची तपासणी वेगळी आणि नंतरची वेगळी. चुकीच्या दिवशी केली तर आजार असूनही नकारात्मक येऊ शकते.

४) संसर्गजन्य आजाराची शंका असेल तर अहवालाची वाट पाहत बसू नये. नमुना दिला त्या क्षणापासून वेगळे राहावे, तोंडाला मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खोली एकच असेल तर शेजाऱ्यांनी आणि संस्थेने जागा द्यावी. हे काम सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येते.

वाचनालयाचा फळा आजही तेथेच आहे. आता त्यावर स्पर्धा परीक्षांच्या तारखा आणि रक्तदान शिबिराच्या सूचना आम्हीच लिहितो. पुन्हा कधी साथीचा आकडा लिहिण्याची वेळ आली, तर त्याखाली ‘घट’ किंवा ‘वाढ’ असे लिहिणार नाही. नमुने किती, अहवाल बाकी किती आणि सात दिवसांची सरासरी किती, एवढेच लिहू. फळ्यावर तेवढी जागा आहे. तेव्हाही होती.